जुनी डिस्क काढून पाहा

(नागपुरातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, सीताबर्डीत दुरुस्तीच्या टेबलाशी बसलं की एक वाक्य रोज ऐकू येतं. "जुन्या हार्डडिस्कमधलं सगळं नव्या एसएसडीत टाकून द्या." एसएसडी म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क. या 'सगळं' शब्दाबद्दलच मला आज बोलायचं आहे, कारण डोळ्यांना दिसतं तेवढं म्हणजे सगळं नसतं.

सी ड्राइव्हमधल्या सर्व फायली निवडून दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या, तरी ती डिस्क संगणक सुरू करणार नाही. बटण दाबल्यावर मदरबोर्डला विंडोज कुठे आहे हे माहीत नसतं, त्याला वाट दाखवावी लागते. जुन्या पद्धतीत ही वाट डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या तुकड्यात, असते. तो सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांचे, ६४ बाइटांत चार पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या विभागांची, नोंद आणि शेवटचे दोन बाइट खुणेचे. एवढ्याशा जागेवर सगळं उभं आहे, आणि ती कुठल्याही फोल्डरात दिसत नाही. आताच्या यूईएफआय (संगणक सुरू करण्याची नवी पद्धत) यंत्रांत त्याऐवजी एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं, बहुधा १०० एमबीचं. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, म्हणून 'माय कॉम्प्युटर' उघडून तुम्ही ते कधीच पाहिलेलं नसतं. क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करायचा तो पूर्ण डिस्कचा, एकट्या सीचा नाही, तो यासाठी.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याचा संगणक माझ्याकडे आला होता. मी सी ड्राइव्ह एसएसडीवर घेतला आणि जागा मिळेल म्हणून जुनी डिस्कही आतच जोडून ठेवली. संगणक सुरू झाला, मी निर्धास्त झालो. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "भाऊ, वेगात काही फरक नाही वाटून राहिला." मी जाऊन जुनी डिस्क काढली, तर संगणक सुरूच होईना. ते छोटं पार्टिशन मी नव्यावर घेतलंच नव्हतं. आठ दिवस यंत्र जुन्याच डिस्कवर चालत होतं, आणि आठ दिवसांची बिलं तिच्यातच होती. 'आता काय कामाची' म्हणून ती आधीच फॉरमॅट केली असती, तर त्या माणसाला मी काय तोंड दाखवलं असतं? ती चूक माझीच होती आणि मी त्यांना तसं सांगितलं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. क्लोन संपला की संगणक पूर्ण बंद करायचा, जुनी डिस्क काढायची आणि नवी एकटी चालते का ते पाहायचं. दोन्ही जोडून पुन्हा सुरू करायचं नाही. क्लोनमध्ये डिस्कची ओळखही (तिचा अंतर्गत ओळखक्रमांक) तशीच उतरते, आणि एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं. तिला ऑनलाइन करायला गेलात तर ती ओळख बदलते, आणि मग तीच सुरू होईनाशी होऊ शकते.

नवी एकटी सुरू झाली नाही, तरी घाबरू नका. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'बीसीडीबूट' ही आज्ञा दिली, की ती सुरुवातीच्या फायली ईएफआय पार्टिशनात नव्याने लिहून देते. अर्थात, ते पार्टिशन तिथे असायला हवं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवा. नंतर शोधायला गेलात तर ती त्याच बंद संगणकात अडकलेली असू शकते.

आपल्या गावाबद्दलही एक सांगतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि क्लोन करताना जुनी डिस्क तासन् तास न थांबता वाचली जाते. हे काम सकाळी करा, पंखा लावा, आणि यूपीएसशिवाय तर नकोच. डिस्क 'टकटक' आवाज करत असेल तर नेहमीचं क्लोनिंग करूच नका. 'डीडीरेस्क्यू' नावाचं मोफत साधन आधी सहज वाचता येणारा भाग काढून घेतं, आजारी जागेशी नंतर झगडतं, आणि कुठवर आलो त्याची नोंदही ठेवतं. क्लोनझिलाही मोफत आहे, पण ते धडधाकट डिस्कसाठी. कुठलंही साधन घ्या, स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं हे मॉडेल आणि क्षमतेवरून मोठ्याने वाचा. उलट झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

आता या टेबलावरच्या यंत्राचा क्लोन आपण भाषणाआधी पूर्ण करून ठेवला होता. जुनी डिस्क मी काढतो आहे. तिच्यावर आजची तारीख लिहितो, ती महिनाभर तशीच कपाटात राहील. पहिल्या रांगेतल्या ताई, तुम्ही जरा पुढे या आणि बटण दाबा.