औषध थांबवलं, तरी प्लाझ्मिड पेशी का सोडत नाही?

(कॅमेऱ्यासमोर पेट्री प्लेट धरून)

नमस्कार मंडळी. आधी ही प्लेट नीट बघा. खाली अगार, म्हणजे जीवाणू वाढवायची जेली आहे, त्यात अँपिसिलिन हे अँटिबायोटिक औषध मिसळलंय आणि वर ई. कोलाय जीवाणू वाढवलेत. मधली ही टपोरी, पांढुरकी कॉलनी दिसतेय? आता तिच्या कडेनं बघा.

(क्लोज-अप)

अगदी बारीक बारीक ठिपके, मोठीच्या भोवती रिंगण करून बसलेले. यांना सॅटेलाइट कॉलनी म्हणतात. मायक्रोबायॉलॉजी शिकलेल्यांनी, प्लेट इन्क्युबेटरमध्ये जास्त वेळ राहिली की, या हमखास पाहिलेल्या असतात. मोठ्या कॉलनीतल्या प्रत्येक जीवाणूकडे मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएचं एक छोटं कडं आहे. तेच प्लाझ्मिड. त्यावरच्या जनुकापासून बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बनतं आणि ते अँपिसिलिन तोडून टाकतं. मोठीच्या आसपासचं औषध असं संपत गेलं, तेव्हा तिथे नुसते तग धरून असलेले, प्लाझ्मिड नसलेले जीवाणू वाढायला लागले. हे ठिपके म्हणजे तेच.

म्हणजे औषधाचा धाक गेला की प्लाझ्मिड नसलेल्यांचं चांगलं चालतं. उलट प्लाझ्मिड बाळगणाऱ्याला त्याचा डीएनए बनवायचा, त्यावरची प्रथिनं बनवायची, हा सगळा खर्च असतो. मग साधा हिशोब असा, की अँटिबायोटिकचा वापर कमी केला की प्रतिकाराची जनुकं वाहणारी प्लाझ्मिडं हळूहळू गळून जायला हवीत. प्रत्यक्षात ती चिवटपणे टिकून राहतात. याला कारणं बरीच आहेत. प्लाझ्मिड एका जीवाणूतून दुसऱ्यात उडी मारू शकतं, आणि पेशी कालांतराने त्याचा खर्च सोसायलाही सरावते. पण आज मला बोलायचंय ते प्लाझ्मिडनं स्वतःच्या मुक्कामासाठी केलेल्या बंदोबस्ताबद्दल. हा भाग कळला नाही, तर प्रतिकाराचा प्रश्न अर्धाच कळतो, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण एकच घेऊ, पण चांगलं. त्याचं नाव आर-१.

(स्क्रीनवर: आर-१, लंडन, १९६३)

हे प्लाझ्मिड १९६३ मध्ये लंडनमध्ये पॅराटायफॉइडच्या साल्मोनेला जीवाणूत सापडलं. एकाच कड्यावर अँपिसिलिन, क्लोरँफेनिकॉल, कॅनामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि सल्फा औषधं, इतक्यांना तोंड देणारी जनुकं. एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे आमांशाचे जीवाणू जपानमध्ये १९५०च्या दशकातच दिसले होते. आर-१ त्याच जातकुळीचं. आकार सुमारे ९८ हजार बेस-जोड्या, म्हणजे डीएनएची अक्षरं. ई. कोलायचं गुणसूत्र सुमारे ४६ लाखांचं असतं, त्यामुळे हे काही किरकोळ ओझं नाही. आणि एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. जगभरच्या प्रयोगशाळांत १९७७ पासून वापरलं गेलेलं पीबीआर-३२२ हे प्लाझ्मिड, त्यावरचं अँपिसिलिन-प्रतिकाराचं जनुक मजल दरमजल करत या आर-१ वरूनच आलेलं आहे. म्हणजे रुग्णालयात ज्यानं डॉक्टरांना जेरीस आणलं, तेच जनुक पुढे जनुकशास्त्राचं रोजचं हत्यार झालं.

आता मुख्य अडचण बघा. एका पेशीत आर-१ च्या जेमतेम चार-सहा प्रती असतात. पेशी दुभंगताना त्या आठ झाल्या असं धरू. त्या कुठेही कशाही तरंगत असतील, तर प्रत्येक प्रत डाव्या पेशीत जाईल की उजव्या, ही नाणेफेक. आठच्या आठ एकाच बाजूला पडण्याची शक्यता १२८ मध्ये एक. ऐकायला थोडी वाटते. पण हा धोका दर विभाजनाला आहे. गणित केलं तर साधारण १८० पिढ्यांत निम्मे जीवाणू प्लाझ्मिडविना उरतात. चांगलं खाद्य मिळालं तर ई. कोलाय दर २० मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणजे प्रयोगशाळेत हे अडीच दिवसांचं काम. आणि यात मी खर्चाचा तोटा धरलेलाच नाही. तो धरला तर प्लाझ्मिड याहून लवकर हद्दपार व्हायला हवं.

मग प्रती वाढवून ठेवायच्या का? काही प्लाझ्मिडं हेच करतात. कोल-ई-१ नावाचं प्लाझ्मिड घ्या, सुमारे साडेसहा हजार बेस-जोड्यांचं. त्याच्या पेशीत पंधरा-वीस प्रती असतात. वीस प्रती असतील तर एखादी लेक-पेशी रिकामी निघण्याची शक्यता सव्वापाच लाखांत एक. आकडा वाढला की नशिबावर सोडून चालतं. एक पेच मात्र तिथेही आहे. दोन कडी एकमेकांत सामावून एकच मोठं कडं बनू शकतं, तसं झालं की वाटण्याजोगे तुकडे कमी होतात. म्हणून कोल-ई-१ वर ‘सेर’ नावाची एक जागा असते. तिथे पेशीचीच एन्झाइमं जोडकडं पुन्हा सुटं करतात. सारांश, लहान प्लाझ्मिडला गर्दी परवडते. आर-१ सारखं ९८ हजारांचं धूड मात्र वीस-वीस प्रतींत ठेवलं, तर पेशीच मागे पडेल आणि तिच्यासोबत प्लाझ्मिडही.

तेव्हा आर-१ ला दोन गोष्टी साधायच्या आहेत. प्रती मोजून-मापून ठेवायच्या, आणि वाटणी चुकू द्यायची नाही.

मोजणीपासून सुरुवात करू. मोजणार कोण? पेशीला ना डोळे, ना वही. आर-१ ची नवी प्रत सुरू करायला रेप-ए नावाचं प्रथिन लागतं. ते बनलं, की ज्या प्लाझ्मिडवरून बनलं त्याच्याच आरंभस्थानाला चिकटतं आणि तिथून नक्कल सुरू होते. आता रेप-ए बनवण्याचा निरोप जनुकाकडून नेणाऱ्या आरएनएच्या समोर एक दुसरा, छोटासा आरएनए उभा असतो. त्याचं नाव कॉप-ए, लांबी जेमतेम नव्वद अक्षरं. त्याचा क्रम निरोपाच्या एका भागाच्या बरोबर उलटा, त्यामुळे दोघं एकमेकांना घट्ट बिलगतात. मग त्या निरोपावरून रेप-ए बनतच नाही, आणि त्या जोडीला पेशी कापून टाकते.

खरी मेख आता येते. कॉप-ए प्रत्येक प्लाझ्मिडवरून सतत बनत असतो, आणि एक-दोन मिनिटांतच निम्मा नष्ट होतो. म्हणून पेशीत या घडीला कॉप-ए किती आहे, यावरून या घडीला प्लाझ्मिडं किती आहेत ते कळतं. प्रती जास्त झाल्या, कॉप-ए वाढला, नक्कल थंडावली. एखाद्या लेक-पेशीच्या वाट्याला कमी प्रती आल्या, तर कॉप-ए झपाट्यानं उतरतो, रेप-ए ला वाट मोकळी होते आणि तूट भरून निघते. कॉप-ए दीर्घायुषी असता तर तो आईच्या वेळचा आकडा मुलीच्या माथी मारत राहिला असता. तो अल्पायुषी आहे म्हणूनच हिशोब ताजा राहतो. स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात कुर्ट नॉर्डस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून हे उलगडलं. कोल-ई-१ ची व्यवस्थाही याच धर्तीची. तिथे प्रथिनाच्या निरोपाऐवजी नक्कल सुरू करणारा आरएनएच उलट्या आरएनएकडून अडवला जातो.

आता वाटणी. माझा सगळ्यात आवडता भाग.

(ॲनिमेशन: लांबट पेशी, आत दोन ठिपके)

आर-१ वर पार-सी नावाचा एक पट्टा आहे. त्यावर पार-आर हे प्रथिन रांगेनं बसतं. तिसरा भिडू पार-एम. आपल्या स्नायूंत ॲक्टिन असतं ना, पार-एम हा त्याच घराण्यातला. एटीपीची ऊर्जा घेऊन पार-एमचे रेणू एकाला एक जोडले जातात आणि धागे बनतात. असे धागे पेशीत कुठेही उगवतात, वाढतात, आणि टोकाला आधार मिळाला नाही की फटाफट ढासळतात. पुन्हा उगवतात, पुन्हा ढासळतात. ईथन गार्नर, क्रिस्टोफर कॅम्पबेल आणि आर. डाइच मलिन्स यांनी कॅलिफोर्नियात २००४ मध्ये हे दाखवून दिलं. या उगवण्या-ढासळण्यातून धागा एक प्रकारे शोध घेत असतो. टोकाला पार-आर बसलेलं प्लाझ्मिड सापडलं, तर ते टोक सावरलं जातं आणि धागा टिकतो.

पण प्लाझ्मिडं तर दोन, आणि धाग्याची दोन टोकं एकसारखी नसतात. पार-आर एकाच प्रकारच्या टोकाला धरतं. मग दोन प्लाझ्मिडं विरुद्ध दिशांना जातात कशी? याचं उत्तर २०१२ मध्ये मिळालं. दोन धागे उलट-सुलट तोंडं करून शेजारी-शेजारी येतात आणि एकमेकांना चिकटतात. प्रत्येकाच्या बाहेरच्या टोकाला एकेक प्लाझ्मिड. दोन्ही धागे त्या टोकांपाशी वाढतात आणि प्लाझ्मिडं पेशीच्या दोन ध्रुवांकडे ढकलली जातात. केंब्रिजमधल्या यान लोव यांच्या प्रयोगशाळेत झालेल्या या कामाच्या पहिल्या लेखिका होत्या पी. गायत्री. त्या आता आपल्या पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत संशोधन करतात. पुण्यात जीवशास्त्र शिकणाऱ्या मुला-मुलींनी हे आवर्जून लक्षात ठेवावं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

चमकणारी रंगद्रव्यं लावून जिवंत पेशीत हे पाहिलंय. दोन ठिपके, म्हणजे दोन प्लाझ्मिडं, भटकत भटकत जवळ येतात, मधे धागा धरतो, आणि बघता बघता ते दोन टोकांना जातात. टोकाला पोचले की धागा मोडतो, ठिपके पुन्हा भटकायला मोकळे. पेशी दुभंगेपर्यंत हा खेळ पुन्हा पुन्हा चालतो, त्यामुळे मधे भिंत पडते तेव्हा दोन्हीकडे प्लाझ्मिड असण्याची भरपूर खात्री असते.

भरपूर म्हणजे पूर्ण नाही. कधीतरी एक लेक-पेशी रिकामी निघतेच. आणि इथे आर-१ चा तिसरा बंदोबस्त पुढे येतो. हा जरा क्रूर आहे.

आर-१ वर हॉक नावाचं एक जनुक आहे. त्यापासून ५२ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन बनतं, आणि ते पेशीच्या पटलात घुसून पेशी मारतं. मग प्लाझ्मिड असलेली पेशी जगते कशी? कारण शेजारीच सॉक नावाचा उलटा आरएनए बनत असतो. हॉकचा निरोप वाचण्याजोगा झाला रे झाला, की सॉक त्याला मिठी मारतो आणि दोघांचाही निकाल लागतो. आता दोघांच्या आयुष्यात फरक आहे. हॉकचा निरोप टिकाऊ. तो आधी मिटलेल्या अवस्थेत असतो आणि टोकाकडून हळूहळू कातरला जाऊन मग वाचण्याजोगा होतो. सॉक मात्र मिनिटभरही धड टिकत नाही. तो सतत बनत राहिला तरच पुरतो.

रिकाम्या लेक-पेशीचा विचार करा. तिला आईकडून पेशीरस मिळालाय, त्यात हॉकचे मिटलेले निरोप आहेत, थोडा सॉक आहे. प्लाझ्मिड नाही, म्हणजे नवा सॉक नाही. उरलेला सॉक संपतो. हॉकचे निरोप एकेक करून उघडतात. त्यांना अडवायला कोणी नसतं, आणि पेशी मरते. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी ओळखू येते. मधला भाग फिकट, पारदर्शक होतो आणि दोन्ही टोकं गडद दिसतात. १९८६ मध्ये डेन्मार्कच्या केन गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी ही व्यवस्था मांडली. एफ नावाच्या दुसऱ्या प्लाझ्मिडवरची सीसीडी नावाची अशीच, पण विष आणि उतारा दोन्ही प्रथिनं असलेली व्यवस्था जपानमध्ये त्याआधी, १९८३ मध्ये सापडली होती.

सुरुवातीचा हिशोब आठवा. औषध नसेल तर प्लाझ्मिडविना जगणारे पुढे जातील, असं आपण म्हटलं. पण आर-१ च्या वस्तीत प्लाझ्मिड गमावणारी पेशी बहुतेकदा शर्यतीत उतरायलाच उरत नाही.

मग अशा प्लाझ्मिडला काढायचं कसं? याचा एक धागादोरा कॉप-ए मध्येच आहे. एकसारखी मोजणी वापरणारी दोन प्लाझ्मिडं एका पेशीत फार काळ नांदत नाहीत. कॉप-ए ला हे माझं, ते तुझं, असा भेद कळत नाही. तो दोघांचीही नक्कल अडवतो, आणि पिढ्यानपिढ्या कोणीतरी एक बाहेर पडतं. प्लाझ्मिडांचे गट याच आधारे पाडले जातात. आर-१ चा गट इंक-एफ-२. रुग्णालयातल्या प्रतिकारावरचे शोधनिबंध वाचलेत तर हे नाव हटकून भेटेल.

हाच गुण वापरून बर्मिंगहॅम विद्यापीठात क्रिस्टोफर थॉमस यांच्या गटानं ‘पी-क्युअर’ नावाची प्लाझ्मिडं घडवली. नको असलेल्या प्लाझ्मिडची मोजणी यंत्रणा त्यांच्यावर बसवायची, म्हणजे पेशीत शिरताच ती जुन्याची नक्कल बंद पाडतात. पण एवढ्यानं भागत नाही. जुनं प्लाझ्मिड गेलं की त्याचं मागे राहिलेलं विष जागं होणार. म्हणून त्या विषावरचा उतारा बनवणारी जनुकंही पी-क्युअरवर सोबत घातली जातात. उतारा मिळत राहतो, पेशी जगते, आणि प्रतिकाराची जनुकं तिच्यातून निघून जातात. पुढे उंदरांच्या आतड्यांतल्या जीवाणूंवरही हे तपासलं गेलंय, कारण बाटलीतल्या शुद्ध कल्चरमध्ये जमणं वेगळं आणि शेकडो जातींच्या गर्दीत एका जीवाणूपर्यंत पोचणं वेगळं.