बटणाला लागणारा वेळ

[दृश्य: खिडकीजवळची खुर्ची. एक सुरकुतलेला हात शर्टाचं वरचं बटण काजात घालायची धडपड करतोय.]

हे बटण लागायला अजून वेळ आहे. थांबू या.

मी वृद्ध-आजाऱ्यांच्या देखभालीच्या या कामात आले तेव्हा मला थांबता येत नव्हतं. सकाळच्या पाळीत बाराजणांना उठवायचं, त्यांची अंघोळ, कपडे, सगळं डॉक्टरांची फेरी यायच्या आत. माझा हात चपळ होता. शर्टाची बटणं मी बघता बघता लावायची. सगळे कौतुक करायचे आणि मलाही वाटायचं, सेवा म्हणजे हीच.

मग एक आजोबा आले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळणारं. तिसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी बटणं लावायला पुढे झाले, तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. रागाने नाही, नुसतं धरून ठेवलं. मग सोडलं आणि स्वतः वरच्या बटणाला लागले. त्या दिवशी दोन बटणं लागली, तीही चुकीच्या काजात. माझे हात शिवशिवत होते, पण मी ती तशीच राहू दिली. दिवसभर आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला छातीवर बोट ठेवून ती बटणं दाखवत होते.

[दृश्य: बाही चढवली जातेय.]

लुळ्या हाताला कपडे घालायची एक रीत आहे. घालताना लुळा हात आधी, धडधाकट नंतर. काढताना नेमकं उलटं. ही रीत माहीत नसली की खांदा ओढला जातो, आणि अर्धांगवायूत खांद्याचे स्नायू सैल पडलेले असल्यामुळे तो सांधा सहज दुखावतो. मला हे शिकायला दहा मिनिटं लागली. आजोबांना एका हाताने ते जमायला तीन आठवडे. ते तीन आठवडे त्यांना द्यायचे की रोज सकाळची दहा मिनिटं आपण वाचवायची, हा प्रश्न माझ्यापुढे तेव्हा पहिल्यांदा उभा राहिला.

हा प्रश्न जुना आहे. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या निराधारांच्या आश्रमातले सातशेहून अधिक रुग्ण सोपवले गेले. त्यातले कितीतरी वृद्ध वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले. डॉ. मार्जरी वॉरन यांनी एकेकाला तपासलं, त्यांचे गट पाडले, जमेल त्यांना बसवलं, उभं केलं, चालवलं. बरेचजण चक्क तिथून बाहेर पडले. माणूस नुसता पडून राहिला की स्नायू झडतात, सांधे आखडतात, उठल्याबरोबर भोवळ येते. मग तो उठू शकत नाही असं ठरवून टाकायला सगळे मोकळे. मला वॉरनबाईंची ही हकिगत फार जवळची वाटते. त्यांनी आधी काय केलं, तर नीट पाहिलं.

[दृश्य: पांघरुणातून बाहेर आलेली टाच.]

मी एकदा नीट पाहिलं नव्हतं. एक आजी कधीच तक्रार करायच्या नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद कागदावर चोख होती, तीही माझ्याच अक्षरात. पण पायात मोजे असायचे आणि मोजा काढून टाच बघायचं राहून गेलं. टाचेला मांस नाही, हाडावर थेट कातडी. तिथे दाब बसला की रक्त पोचत नाही. सावळ्या कातडीवर लाली उठून दिसतही नाही. बोटांनी चाचपावं लागतं, आसपासच्यापेक्षा ती जागा गरम आहे का, टणक आहे का. मी चाचपलं तेव्हा आत जखम झालेली होती. ती भरायला चार महिने लागले आणि आजींनी त्या चार महिन्यांतही एक शब्द काढला नाही. आज मी कुठल्याही खोलीत गेले की आधी टाचा बघते.

[दृश्य: व्हीलचेअर, टेबल, उघडी वही.]

तोवर थांबणं माझ्या अंगवळणी पडलं होतं. इतकं, की ते मी सगळ्यांवर लादू लागले. एका ताईंना स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आजार होता. मी मोठ्या कौतुकाने हात मागे घेऊन उभी. त्या म्हणाल्या, "अगं, बटणं तूच लाव. माझा पाऊण तास त्यात जातो आणि मग लिहायला हातात ताकद उरत नाही."

मी लगेच बटणं लावली.

अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांना १४व्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलं. १९६२ साली ते बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला गेले. श्वासासाठी लागणारं अवजड यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून विद्यापीठाच्या दवाखान्यात राहिले. १९७२ साली तिथेच सोबत्यांबरोबर त्यांनी अपंगांनी चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र उभं केलं. उठवायला, कपडे घालायला त्यांना माणूस लागायचाच. पण केव्हा उठायचं आणि काय घालायचं हे ते स्वतः ठरवायचे. २००६ साली संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याचं १९वं कलम म्हणतं, कुठे राहायचं आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क अपंग व्यक्तीलाही इतरांइतकाच आहे. मला हे कलम त्या ताईंनी आधीच शिकवलं होतं.

आणि ज्यांना सांगताच येत नाही? स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी अंघोळीला नेलं की किंचाळायच्या. त्यांच्या कागदावर 'भांडखोर' असा शेरा होता. आम्ही डोक्यावरून पाणी घेणं बंद केलं, खांद्यावर कोरडा टॉवेल ठेवला आणि एकेक अंग धुतलं. किंचाळणं थांबलं. मी तो शेरा खोडला.

[दृश्य: पुन्हा तीच खिडकी. खुर्चीशेजारी एक तरुण मुलगी, हात पाठीमागे बांधून.]

या मुलीचा कामाचा हा दुसरा आठवडा. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे जातंय, पुन्हा बटणाकडे येतंय.

[दृश्य: बटण काजातून आरपार जातं.]

"आजोबा, बाकीची मी लावू का?"

ते थोडा विचार करतात. मग तिच्याकडे न बघताच मान हलवतात आणि बोटं खालच्या बटणाकडे सरकतात.