'गिफ्ट' : भेट, विवाह आणि विष

श्रोतेहो, नमस्कार. वाढदिवसाला आपण सहज उच्चारतो तो 'गिफ्ट' हा शब्द जर्मनीत एखाद्या बाटलीवर छापलेला दिसला, तर त्या बाटलीपासून दूर राहावे, कारण जर्मन भाषेत 'गिफ्ट' म्हणजे विष. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या भाषांत तर याच शब्दाला विष आणि विवाहित असे दोन्ही अर्थ आहेत.

हे सारे अर्थ 'देणे' या एकाच क्रियेतून निघाले आहेत. इंग्रजीतील 'गिव्ह' आणि जर्मनमधील 'गेबेन' ही क्रियापदे ज्या धातूची, त्याच धातूपासून हे नाम तयार झाले. विवाहाचा अर्थ उमजणे आपल्याला अवघड जाऊ नये, कारण 'मुलगी कुठे दिली?' असे आपणही विचारत आलो आहोत. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा उच्चार 'यिफ्ट'सारखा होता, एकवचनी अर्थ वधूमूल्य आणि अनेकवचनी अर्थ लग्न असा होता. आजचा 'ग' इंग्रजीला स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या नॉर्स भाषेकडून मिळाला. जर्मनमध्येही हुंड्याला 'मिटगिफ्ट' म्हणतात आणि त्या जोडशब्दात देण्याचा जुना अर्थ टिकून आहे.

मग देण्यातून विष कसे निघाले? मला या शब्दाच्या प्रवासातला हाच टप्पा सर्वांत विलक्षण वाटतो. ग्रीक भाषेत 'दोसिस' म्हणजे देणे; वैद्यांनी त्याला औषधाची एका वेळी द्यायची मात्रा असा अर्थ दिला आणि तो शब्द लॅटिनमध्ये गेला. त्याच्या धर्तीवर जर्मन भाषिकांनी आपला 'गिफ्ट' त्या अर्थाने योजला, आणि उघड नाव घेणे नको म्हणून घातक मात्रेलाही नुसते 'दिलेले' म्हणता म्हणता तोच मुख्य अर्थ होऊन बसला. शब्दाचे लिंगही बदलले. पूर्वीचा स्त्रीलिंगी शब्द आज नपुंसकलिंगी आहे. डच भाषेने मात्र भेटीसाठी 'गिफ्ट' आणि विषासाठी 'गिफ' अशी वाटणी करून घेतली. फ्रेंच 'प्वाझों' म्हणजे विष, आणि तोही लॅटिनमधील 'पेय' या अर्थाच्या साध्या शब्दापासून आला आहे.

त्या 'दोसिस'चाच 'डोस' इंग्रजीतून मराठीत आला. त्याचा ग्रीक धातू आणि संस्कृतातील 'दा' धातू मुळात एकच असल्यामुळे, आपण मुलाला पाजतो तो औषधाचा डोस आणि आपले 'दान' हे एकाच कुळातले शब्द आहेत.