गाडीत एक सिम, खिशात एक, चार्जरमध्ये एक

दृश्य : मुलुंडमधला टॉवर. तळघरातली खालची पार्किंग. खांबाशेजारी चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक कार.

सकाळचे साडेसात. गाडी रात्रभर चार्जिंगला लागलेली. अकराव्या मजल्यावर चहाचा कप हातात धरून कोणी गाडीचं ॲप उघडतं, तर बॅटरी ४६ टक्के. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : शेवटचं अपडेट, काल रात्री ९.४०. एसी सुरू करायचं बटण दाबलं की गोल चकरी फिरत राहते आणि थोड्या वेळाने उत्तर येतं, गाडीशी संपर्क होत नाही.

खाली गाडी शंभर टक्के भरलेली आहे. चार्जर धड आहे, बॅटरी धड आहे. तळघरात रेंज नाही, एवढंच. आणि त्याच फोनवर आठवडाभर एक मेसेज पडून आहे : आपल्या कनेक्टेड सेवेची, म्हणजे ॲपवरून गाडी पाहण्या-हाताळण्याच्या पॅकेजची, मुदत संपत आली आहे, नूतनीकरण करा.

भरायचे का हे पैसे? त्याआधी हे पैसे नक्की कोणत्या सिमसाठी मागितले जातायत ते कळायला हवं. इलेक्ट्रिक गाडी वापरताना तीन सिमं कामाला असतात. एक गाडीत, एक खिशातल्या फोनमध्ये आणि एक चार्जरच्या खांबात.

दृश्य : उघडलेला डॅशबोर्ड. आतली काळी डबी आणि तिच्या वायरी.

गाडीतलं सिम बोटाने काढता येत नाही. डॅशबोर्डच्या आत टेलिमॅटिक्स युनिट नावाची डबी असते. तिच्यात मोबाइल नेटवर्कशी जोडणारा मोडेम, जीपीएसचा रिसीव्हर आणि सर्किटवर डाख देऊन बसवलेली ई-सिमची चिप, जेमतेम ६ बाय ५ मिलिमीटरची. अँटेना बहुतेक वेळा छतावरच्या माशाच्या परासारख्या उंचवट्यात.

हे सिम एम-टू-एम प्रकारचं, म्हणजे यंत्राने यंत्राशी बोलण्यासाठीचं. दूरसंचार विभागाने अशा सिमना २०१८ पासून तेरा आकडी नंबर दिले आणि त्यांच्यावर बंधनंही घातली. कॉल ठरवून दिलेल्या नंबरांनाच, डेटा ठरवून दिलेल्या सर्व्हरकडेच. नाक्यावरच्या दुकानात त्याचं रिचार्ज होत नाही. या सिमचं गिऱ्हाईक तुम्ही नसता, गाडीची कंपनी असते. ती टेलिकॉम कंपनीकडून घाऊक जोडण्या घेते आणि तुम्हाला त्यावर उभी केलेली सेवा विकते. त्यात सर्व्हर आला, ॲप आलं, मदत केंद्र आलं. म्हणून 'एवढ्याशा डेटाला एवढे पैसे?' ही तुलना जुळत नाही. बॅटरीची टक्केवारी, जागा, टायरचा दाब, दारं बंद आहेत का, एवढ्या माहितीला डेटा खरंच नगण्य लागतो. तुम्ही किंमत मोजता ती लांबून गाडी हाताळण्याची.

बिलावर जीएसटीची ओळही पाहा. ऑगस्ट २०१९ पासून इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे, टेलिकॉम सेवेवर मात्र १८ टक्के. जाहिरातीतला आकडा करासह आहे की करावेगळा, हे विचारून घ्यावं.

दृश्य : ॲपमधलं बटण. तिथून सर्व्हर, मोबाइल टॉवर आणि गाडी यांना जोडणारी रेघ.

फोनवर दाबलेलं बटण थेट गाडीपर्यंत जात नाही. हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. गाडी त्या वेळी झोपलेली असते. सर्व्हर तिला जागं करायला सहसा एक छोटा एसएमएस पाठवतो, युनिट जागं होतं, डेटा जोडणी उघडतं, हुकूम घेतं आणि मग गाडीच्या आतल्या वायरिंगवरून एसीला सांगतं. या साखळीची शेवटची कडी तळघरात असेल तर एसएमएस टॉवरपाशीच अडतो. हुकुमालाही मुदत असते. ती संपली की तो रद्द होतो. त्यामुळे गाडी गेटबाहेर आल्यावर एसी आपोआप सुरू झाला, असं सहसा होत नाही.

बिघाड कुठे आहे ते घरबसल्या ओळखता येतं. ॲपच उघडत नसेल, लॉगिन होत नसेल, तर अडचण फोनची किंवा सर्व्हरची. ॲप उघडतं पण अपडेटची वेळ जुनी दिसते, तर गाडीची रेंज गेलेली. गाडी उघड्यावर आणा, चालू करून दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा पाहा. स्क्रीन रीसेट केल्याने बहुतेक गाड्यांत टेलिमॅटिक्स युनिट रीसेट होत नाही, ती दोन वेगळी यंत्रं आहेत. बॅटरीची वायर स्वतः काढून पाहण्याच्या फंदात पडू नका, ते सर्व्हिस सेंटरचं काम आहे.

एक सवय मात्र महागात पडते. गाडी पंधरा दिवस उभी आहे, मालक गावी गेलेत आणि तिथून दर तासाला ॲप उघडून टक्केवारी पाहतायत. हे युनिट चालतं १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. प्रत्येक वेळी गाडी जागी होते, तिच्यातली इतर यंत्रंही थोडा वेळ जागी राहतात. काही गाड्या मोठ्या बॅटरीतून छोटी बॅटरी अधूनमधून भरून घेतात, सगळ्याच घेत नाहीत. छोटी बॅटरी बसली की मोठी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचे स्विच ओढायला हेच १२ व्होल्ट लागतात. अनेक युनिटं काही दिवसांनी गाढ झोपेत जातात ती याचसाठी. मग ॲपला प्रतिसाद येत नाही, आणि ते योग्यच असतं.

दृश्य : तळघरातल्या चार्जरची वेळ गाडीच्या स्क्रीनवर लावणारा हात.

तळघरावर उपाय काय? चार्जिंगची वेळ ॲपमधून न लावता गाडीच्या स्क्रीनवर किंवा भिंतीवरच्या चार्जरमध्ये लावा. वेळ गाडीच्या आत साठवलेली असेल तर रेंज नसतानाही चार्जिंग ठरल्या वेळी सुरू होतं. सोसायटीने पार्किंगपर्यंत वायफाय आणलं तर उपयोग अर्धाच. बऱ्याच गाड्यांत वायफाय फक्त स्क्रीनला मिळतं, टेलिमॅटिक्स युनिटला नाही. म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट उतरेल, पण ॲप मुकंच राहील. बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर सोसायटीने बसवू नये. विनापरवाना रिपीटर बेकायदा आहे आणि त्याने आजूबाजूच्या इमारतींचं नेटवर्कही बिघडतं. रीतसर मार्ग एकच, टेलिकॉम कंपनीला अर्ज करून इमारतीच्या आत अँटेना बसवून घेणं. त्यासाठी सोसायटीचा ठराव लागतो, आणि गाडीचं सिम कोणत्या कंपनीचं आहे ते आधी शोधावं लागतं. ते फोनच्याच कंपनीचं असेल असं नाही.

दृश्य : पश्चिम द्रुतगती महामार्ग, संध्याकाळ. रांगेतल्या गाडीच्या स्क्रीनवर गाणं आणि नकाशा.

आता खिशातलं सिम. स्क्रीनवर नकाशा आणि गाणी अँड्रॉइड ऑटोने किंवा कारप्लेने, म्हणजे फोन गाडीच्या स्क्रीनला जोडून, येत असतील, तर तो डेटा फोनचा. गाडीच्या पॅकेजशी त्याचा संबंध नाही.

हिशोब करून पाहू. बोरिवली ते नरिमन पॉइंट, जाऊन-येऊन तीन तास धरा, महिन्याला २४ दिवस, म्हणजे ७२ तास. १२८ केबीपीएस दर्जाचं (सेकंदाला १२८ किलोबिट) गाणं तासाला सुमारे ५८ एमबी घेतं. महिन्याचे सव्वाचार जीबीदेखील होत नाहीत. ३२० केबीपीएसवर साडेदहा जीबीच्या आत. नकाशाला तासाला काही एमबी पुरतात. रोज दीड जीबीच्या प्लॅनमध्ये २८ दिवसांचे ४२ जीबी मिळतात. गाण्यांसाठी गाडीत दुसरं सिम ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. मागच्या सीटवर मुलं व्हिडिओ पाहणार असतील तर गोष्ट निराळी. साध्या दर्जाचा व्हिडिओही तासाला अर्धा जीबी आणि वर खातो.

तरी वेगळं सिम हवंच असेल, तर २८ दिवसांच्या प्लॅनचं वर्ष बारा नव्हे, तेरा रिचार्जचं होतं. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ रुपयांचा झाला. तेरा वेळा भरले तर ३,८८७ रुपये. गाडीच्या कंपनीच्या पॅकेजशी तुलना करताना हा आकडा समोर ठेवा. त्या सिमसाठी बॅटरीवाला खिशातला हॉटस्पॉट गाडीत सोडून जाऊ नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती बॅटरी फुगते. यूएसबीत खोचायचा, बिनबॅटरीचा डोंगल बरा. गाडी बंद झाली की तोही बंद.

फोनचा हॉटस्पॉट गाडीला दिसत नसेल तर बहुधा बँडचा, म्हणजे वायफायच्या लहरींचा, घोटाळा असतो. फोन ५ गिगाहर्ट्झवर देतोय, स्क्रीनला २.४ च कळतं. फोनच्या सेटिंगमध्ये २.४ निवडा. आयफोनमध्ये 'मॅक्सिमाइज कॉम्पॅटिबिलिटी' चालू करा. एक-दोन जीबीचं सॉफ्टवेअर अपडेट मात्र हॉटस्पॉटवर सुरू करू नका. फोन खिशात घालून निघालात की ते अर्ध्यावर तुटतं.

दृश्य : द्रुतगती मार्गावरचा फूड मॉल. जलद चार्जर, क्यूआर कोड स्कॅन करणारा फोन.

तिसरं सिम खांबातलं. पुण्याकडे जाताना जलद चार्जर सुरू करायला गाडीचं पॅकेज लागत नाही. चार्जर स्वतःच्या जोडणीने त्याच्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो आणि तुम्ही फोनने त्या सर्व्हरला पैसे देता. फोनचा डेटा संपला किंवा खांबाची रेंज गेली, तर केबल खोचूनही वीज येत नाही. म्हणून घाट लागण्याआधीच वॉलेटमध्ये पैसे टाकून ठेवा, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, आणि ज्या कंपनीचे चार्जर वारंवार वापरता तिचं आरएफआयडी कार्ड (चार्जरला टेकवून तो सुरू करायचं) मिळत असेल तर घ्या.

दृश्य : वांद्रे-कुर्ला संकुल. काचेच्या शोरूमबाहेरची गर्दी.

टेस्लाने जुलै २०२५ मध्ये इथे भारतातलं पहिलं शोरूम उघडलं. पैसे घेऊन गाडीत इंटरनेट देण्याची पद्धत या कंपनीने अमेरिकेत चांगलीच रुजवली. तिथे प्रीमियम जोडणी महिन्याला ९.९९ डॉलरना मिळते. तिच्यात रहदारीचे रंग, उपग्रह नकाशा, व्हिडिओ आणि गाडीच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र येतं. वाट दाखवणं प्राथमिक सेवेतच आहे. पण तिथला दुसरा धडा जास्त मोलाचा. २०२२ च्या फेब्रुवारीत एटी अँड टी कंपनीने ३जी बंद केलं आणि २०१५ च्या मध्याआधीच्या टेस्लांचे मोडेम निरुपयोगी झाले. नवा ४जी मोडेम बसवायला २०० डॉलर पडत होते. गाडी दहा-बारा वर्षं चालते, मोबाइलची पिढी त्याआधी बदलू शकते. घेताना विचारा, युनिट ४जी आहे का, आणि बदलावं लागलं तर खर्च कोणाचा.

दृश्य : ॲपमधलं नूतनीकरणाचं पान.

आता पैसे भरण्याचं. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी एक चाचणी घ्या. गाडी रोज जिथे झोपते तिथून आठवडाभर एसी, कुलूप आणि चार्जिंग ॲपवरून चालवून पाहा. दहातले सात हुकूम फसत असतील तर वार्षिक पॅकेज तूर्त घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. गाडी उघड्यावर किंवा पोडियमवर (जमिनीच्या वरच्या पार्किंग मजल्यावर) उभी राहत असेल आणि घरात दोघं-तिघं ती चालवत असतील, तर मात्र पैसे वसूल होतात.

मोफत मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात की ॲप सुरू केल्यापासून, हे करारात पाहा. पॅकेज संपल्यावर नेमकं काय बंद होतं तेही वाचा, विशेषतः संकटात मदत बोलावण्याचं एसओएस बटण. ते पॅकेजबरोबर बंद होणार असेल तर घरातल्या सगळ्यांना तसं सांगून ठेवा. फोनवरून ११२ लागतोच. भरताना १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर ताडून पाहा, घरात दोन गाड्या असतील तर चुकीच्या गाडीवर पैसे जातात. ऑटो-पे लावलं असेल तर पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, ती नीट वाचा. पैसे भरल्यावर गाडी तासभर उघड्यावर ठेवा, सेवा पुन्हा सुरू करण्याचा हुकूमही हवेतूनच यायचा असतो.

टॅक्सी परवान्याच्या गाडीला एआयएस-१४० या सरकारी मानकाचं ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण वेगळं लागतं. त्याचं सिम वेगळं, शुल्कही वेगळं. कंपनीच्या पॅकेजमध्ये ते धरू नका.

आणि गाडी विकताना. स्क्रीनवरून फॅक्टरी रीसेट केलं की काम झालं असं वाटतं, पण सर्व्हरवर गाडी अजून जुन्या मालकाच्याच खात्यात असते. गाडी कुठे आहे ते त्याला दिसतं, दारही उघडता येतं. ॲपमधून गाडी काढून टाका, ब्लूटूथच्या डिजिटल चाव्या रद्द करा, सिमच्या वापरकर्त्याची केवायसी नव्या मालकाच्या नावावर करण्याचा अर्ज डीलरकडे द्या. नव्या मालकाच्या फोनवर गाडी दिसू लागली की तिथेच उभं राहून आपलं ॲप उघडा. तिथे गाडी दिसत नसेल, तर चावी हातात द्या.