फायलींमधले दुवे तुटतात कुठे?

ठाण्याच्या माहितीच्या वीस मार्कडाउन फायली (साध्या मजकुरात खुणा घालून लिहिलेल्या, शेवटी .एमडी असलेल्या) आहेत असं धरा. रेल्वेच्या फायलीत १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीचा मजकूर आहे आणि त्यात ‘तलाव.एमडी#मासुंदा’ असा दुवा, म्हणजे तलावाच्या फायलीतल्या मासुंदाच्या मथळ्याकडे नेणारा. पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने एकेक फाइल एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानात, उतरवली की ‘तलाव.एचटीएमएल’ तयार होते, दुव्यात मात्र ‘.एमडी’ तसंच राहतं. पॅनडॉक हा पत्ता आपणहून बदलत नाही.

इथे शोधा-बदला करायचा मोह होतो. तो आवरा. त्यात बाहेरच्या साइटवरच्या .एमडी फायलींचे दुवे मोडतात आणि कोडच्या नमुन्यातला मजकूरही बदलून जातो. ल्युआ फिल्टर लावा, म्हणजे रूपांतराच्या मधे पॅनडॉक चालवतो ती ल्युआ भाषेतली छोटी स्क्रिप्ट. तो दस्तऐवजाच्या रचनेवर चालतो, त्यामुळे फक्त दुव्यांनाच हात लागतो. पत्ता एचटीटीपीने सुरू होत असेल तर सोडून द्या. उरलेल्यांत हॅशच्या (#) आधीचा भाग वेगळा काढा, त्याच्या शेवटी .एमडी असेल तर बदला आणि हॅशचा भाग परत जोडा. हे तोडणं राहिलं तर आपला मासुंदाचा दुवाच निसटतो, कारण त्याचा शेवट .एमडीने होत नाही.

खरी डोकेदुखी हॅशच्या पुढे आहे. फाइल सापडली नाही तर ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ अशी चूक, दिसतं. फाइल आहे पण आयडी (हॅशच्या पुढचं, पानातली जागा सांगणारं नाव) नाही, तर ब्राउझर मुकाट्याने पान वरून उघडतो. चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

मराठी मथळ्यांत तर हे हमखास होतं. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ घ्या. त्यातला ऱ्य तीन तऱ्हांनी टाइप होतो: सरळ ऱ वापरून, र आणि नुक्ता जोडून, किंवा र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच, पण आतली अक्षरं तीन वेगळी, त्यामुळे आयडीही वेगळे पडू शकतात. एनएफसी (युनिकोडची एकसारखी करण्याची पद्धत) केलं की पहिले दोन एक होतात, तिसरा वेगळाच राहतो. म्हणून मथळ्यावरून आपोआप बनणाऱ्या आयडीवर विसंबू नका. प्रत्येक मथळ्याला कायमचा, साध्या रोमन अक्षरांतला आयडी द्या. फायलींची नावंही रोमनच ठेवा, तीही लहान अक्षरांत: विंडोजवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक खपतो, लिनक्स सर्व्हरवर नाही.

एक मोठी फाइल प्रकरणवार तोडायची असेल तर आतला ‘#मासुंदा’ आता दुसऱ्या फायलीत गेलेला असतो. त्यासाठी दोन फेऱ्या लागतातच. पहिल्या फेरीत कुठला आयडी कुठल्या फायलीत पडला याचा तक्ता करा, दुसरीत तो बघून पत्ते लिहा. सापेक्ष मार्ग तयार झालेल्या पानाच्या जागेवरून मोजा, मूळ फायलीच्या नव्हे; कारण ‘तलाव.एचटीएमएल’च्या जागी ‘तलाव/इंडेक्स.एचटीएमएल’ झालं तर पान एक पायरी खोल जातं. तक्त्यात एखादा आयडी दोनदा आला, किंवा दुव्यातला आयडी तक्त्यात नसला, तर रूपांतर तिथेच थांबवा आणि फाइलचं नाव, ओळ क्रमांक छापा.