निसर्गचित्रातले गाव आणि गावातला माणूस

श्रोतेहो, नमस्कार. निसर्गचित्रात गाव दिसले की आपली नजर आधी झाडांवर, आभाळावर आणि घरांच्या छपरांवर फिरते. माणूस तेवढा कोपऱ्यातला ठिपका होऊन राहतो. चित्रकाराने गाव कोणत्या नजरेने पाहिले हे मात्र, माझ्या मते, त्या ठिपक्यावरूनच ओळखावे.

आजच्या बेल्जियममधील चित्रकार पीटर ब्रॉयगेल याने १५६५ मध्ये ऋतुमानावर रंगवलेल्या चित्रमालिकेतील कापणीचे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. उभ्या गव्हात पुरुष कापणी करीत आहेत, बायका पेंढ्या बांधीत आहेत, झाडाखाली काही जण जेवायला बसले आहेत आणि त्यांच्या शेजारी एक गडी पाय फाकवून, तोंड उघडे टाकून गाढ झोपला आहे. डावीकडे गव्हातून काढलेल्या वाटेने एक जण दोन्ही हातांत जड सुरया घेऊन वर येतो आहे. येथे निसर्ग विस्तीर्ण आहे, पण त्याची मांडणी माणसाच्या कामावरून आणि थकव्यावरून ठरली आहे.

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबल याचे १८२१ मधील ‘द हे वेन’, म्हणजे गवताची गाडी, हे चित्र याहून शांत आहे. इंग्लंडमधल्या स्टूर नदीच्या उथळ पाण्यात थांबलेली रिकामी गाडी, काठावरचा कुत्रा आणि दूरच्या कुरणात गवत कापणारी, जेमतेम दिसणारी माणसे. बाहेर जाऊन केलेल्या अभ्यासांवरून हे मोठे चित्र त्याने लंडनच्या चित्रशाळेत पूर्ण केले. त्यातले ढग अप्रतिम आहेत, यात वाद नाही. परंतु त्याच काळात त्या भागातील शेतमजूर बेकारीने गांजून दंगे करीत होते, याची पुसटशी खूणही त्यात सापडत नाही.

फ्रान्सच्या ज्याँ-फ्रान्स्वा मिये याने १८५७ मध्ये हे प्रमाणच उलटे केले. कापणी झालेल्या शेतात सरवा, म्हणजे मागे राहिलेली कणसे, वेचणाऱ्या तीन बायका त्याने अगदी पुढे आणल्या. दोघी पुरत्या वाकलेल्या, तिसरी अर्धवट उभी. चेहरे जवळजवळ झाकलेले, दिसतात त्या पाठी आणि राबून जाड झालेले हात. धान्याच्या गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावरचा मुकादम, म्हणजे जी काही सुबत्ता आहे ती सारी, मागे उन्हात बारीक होऊन गेली आहे. पॅरिसच्या प्रदर्शनात अनेक समीक्षकांना हे चित्र रुचले नाही. फ्रान्समधील राजेशाही उलथवणारी १८४८ ची क्रांती अजून विस्मरणात गेली नव्हती आणि दूरवर शोभून दिसणारी गरिबी अशी समोर येऊन उभी राहणे त्यांना धोक्याचे वाटले.