छताला चिकटलेले गहू

नमस्कार श्रोतेहो.

आज सहा जानेवारी. आज संध्याकाळी आमच्याकडे गव्हाची खीर असते, पण तिच्यात दूध नाही, गूळ नाही, तूप तर नाहीच. शिजवलेले अख्खे गहू, वाटलेली खसखस आणि मध. माझी सून म्हणते, आई, हिला खीर कोण म्हणेल? नको म्हणू. हिचं खरं नाव कुत्या. हसलात ना? मीही हसले होते, आणि जिच्या स्वयंपाकघरात हसले तिची आज आठवण सांगायची आहे.

तिला आम्ही बाबा म्हणायचो. युक्रेनी भाषेत बाबा म्हणजे आजी. तिची लेक तिला मामा म्हणायची, कारण तिकडे मामा म्हणजे आई. एकाच बाईला लेक मामा म्हणते, नातवंडं बाबा म्हणतात, आणि मिरजेहून आलेली मी मध्ये उभी! पहिल्याच महिन्यात मी माहेरी पत्र टाकलं, 'काल बाबांनी मला बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या शिकवल्या.' आईचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. 'तुझे बाबा इथे माझ्यासमोर पेपर वाचत बसले आहेत. त्यांना चहासुद्धा करता येत नाही. तिथल्या थंडीत तुझी तब्येत बरी आहे ना?'

तेव्हा श्रोतेहो, आज मी 'बाबा म्हणाल्या', 'बाबा हसल्या' असंच बोलणार. कानाला खटकेल. दहा मिनिटांचा प्रश्न आहे, सवय करून घ्या.

आम्ही 1986 साली कॅनडात गेलो. अल्बर्टा प्रांतातलं एडमंटन. यजमानांचं विद्यापीठात संशोधन, आणि आमचं बिऱ्हाड बाबांच्या घराच्या तळघरात. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या. त्यांचा जन्म तिथलाच, एडमंटनच्या पूर्वेला, शेतावरचा. त्यांचे आईवडील हालिचिनामधून आलेले. हालिचिना म्हणजे आजचा पश्चिम युक्रेन, पण तेव्हा तिथे ऑस्ट्रियाच्या बादशहाचं राज्य होतं. 1891 साली त्या भागातले दोन शेतकरी, इवान पिलिपिव्ह आणि वसिल एलेन्याक, कॅनडात पोचले. मग रीघच लागली. पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत सुमारे 1 लाख 70 हजार माणसं त्यांच्या मागोमाग गेली. का गेली? जमिनीसाठी. गावाकडे वाटण्या होऊन होऊन दोन-चार एकरांचे तुकडे उरलेले, आणि इकडे 10 डॉलर भरले की 160 एकर. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यातलं काही समजावून सांगायला नको. मात्र ते 160 एकर म्हणजे रान. पहिला हिवाळा जमिनीत खड्डा खणून, वर गवताच्या ढेकळांचं छप्पर घालून काढायचा. त्या खोपटाला ते बुरदेय म्हणत. बाबांची मोठी भावंडं बुरदेयमधली, आणि बाबा लाकडाच्या घरात जन्मलेल्या, हे त्या जरा ताठ्यानंच सांगत.

महायुद्ध लागल्यावर एक विचित्र गोष्ट झाली. कागदावर ही माणसं ऑस्ट्रियाची, आणि ऑस्ट्रिया झाला शत्रू. सुमारे 80 हजार लोकांना शत्रूराष्ट्राचे म्हणून नाव नोंदवायला लावलं, साडेआठ हजारांवर लोकांना छावण्यांत ठेवलं, आणि त्यांतले बहुतेक युक्रेनी. बाबांच्या वडिलांना पोलिसांकडे हजेरी द्यायला जावं लागे. बाबा म्हणायच्या, "ऑस्ट्रियाला कंटाळून इथे आले, आणि इथे ऑस्ट्रियाचे म्हणून धरले." पुढे शाळेत युक्रेनी शब्द तोंडून निघाला की हातावर पट्टी बसायची. आणि गंमत बघा, 1974 पासून त्याच अल्बर्टात सरकारी शाळांमध्ये युक्रेनीचे द्विभाषिक वर्ग सुरू झाले. मी राहत होते तेव्हा बाबांची नात त्या वर्गात जायची, आणि बाबा तिच्या गृहपाठात चुका काढायच्या. बाईंनी बरोबर दिलेल्या उत्तरातसुद्धा.

असो. मला सांगायची आहे ती सहा जानेवारी 1987 ची संध्याकाळ.

आधी त्या डिसेंबरात मी काय सोसलं ते ऐका. मी शाकाहारी. नाताळच्या तीन पार्ट्यांना गेले आणि तिन्ही ठिकाणी टर्कीच्या शेजारची कोशिंबीर खाऊन, वर सगळ्यांची कीव झेलून घरी आले. त्यामुळे सहा तारखेला डोक्यावर तीन ठोके पडले तेव्हा मी उठलेच नाही. बाबांना खाली बोलवायला यायचा कंटाळा. त्या झाडूच्या दांड्यानं आपल्या जमिनीवर, म्हणजे आमच्या छतावर, तीनदा ठोकायच्या. पुन्हा तीन ठोके. मग मी जिन्यात जाऊन ओरडले, "बाबा, मी मांस खात नाही!" वरून उत्तर आलं, "आज कुणीच खात नाही!"

त्यांचा नाताळ सात जानेवारीला, जुन्या पंचांगाप्रमाणे तेरा दिवस मागे. आदल्या संध्याकाळी बारा पदार्थ करायचे आणि बारांपैकी एकातही मांस नाही, दूध नाही, लोणी नाही. लक्षात ठेवा, बारा पदार्थ, आणि एक ताट जास्तीचं. आता 2023 पासून युक्रेनमधल्या मोठ्या चर्चनी रशियाशी असलेला हा तेरा दिवसांचा धागा तोडला आणि नाताळ 25 डिसेंबरला आणला. त्यांचं चुकलं असं मी कोण म्हणणार? आमच्या घरात टिळक पंचांगवाल्या काकूंची दिवाळी वेगळ्या दिवशी आणि आमची वेगळ्या, यावरून अर्धं आयुष्य भांडणं ऐकली आहेत. मी आपली बाबांच्या तारखेला धरून आहे.

तर मी वर गेले. यजमान प्रयोगशाळेत अडकलेले, मी एकटी. जानेवारीत एडमंटनला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जेवायचं मात्र आकाशात पहिली चांदणी दिसल्यावरच. म्हणून सगळी मंडळी बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी, चांदणी शोधत. जेवणाच्या खोलीत कुणी नाही. मेजावर भरतकाम केलेलं कापड, त्याखाली वाळलेलं गवत पसरलेलं, कोपऱ्यात गव्हाच्या ओंब्यांची पेंढी उभी. ताटं मांडलेली. मी विचार केला, आपण भाडेकरू, मधे कुठे बसायचं? खिडकीजवळ टोकाला एक ताट होतं, त्याच्याजवळ मेणबत्ती. तिथे गुपचूप जाऊन बसले.

चांदणी दिसली. कल्ला करत सगळे आत आले, आणि दारातच थांबले. एकदम शांतता. मला वाटलं, साडी बघून थांबले. मग ती सहा वर्षांची नात स्वच्छ आवाजात म्हणाली, "ती खुर्ची मेलेल्या बाबाची आहे."

श्रोतेहो, मी पितरांच्या पानावर बसले होते! ते जास्तीचं ताट घरातल्या गेलेल्या माणसांचं. आपल्याकडे पितृपक्षात कुणी पाहुण्यानं कावळ्याच्या आधी वाडीवर हात मारावा, तसं झालं. मी उठायला गेले, तर खांद्यावर बाबांचा हात पडला. शेतावरचा हात, जड. म्हणाल्या, "दोन्यू, बस." दोन्यू म्हणजे लेकी. "वाटसरू आला तरी ते ताट त्याचंच असतं." आणि आपल्या गेलेल्या आईसाठी दुसरं ताट काढून माझ्या शेजारी मांडलं.

मग ती कुत्या आली. बाबांनी पहिला मोठा चमचा भरला, आणि खाल्ला नाही. हात वर केला आणि सपकन छतावर मारला! मी घाबरून डोकं खाली घातलं. रीत अशी, की जेवढे गहू छताला चिकटतील तेवढं पीक चांगलं. शहरात कसलं पीक? पण पोरं ओरडत मोजत होती. बराचसा गोळा चिकटला, आणि थोडा सुटून माझ्या नुकत्या तेल लावलेल्या भांगात पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी ती चाखली. आमच्या मिरजेकडे खपली गव्हाची खीर होते, तिच्यातही खसखस असतेच. हल्ली तोच खपली गहू पुण्यात चकचकीत पिशवीतून, डॉक्टरनं औषध लिहून दिल्यासारखा विकतात, तो विषय मी आज काढत नाही. पण जिभेवर तो गहू आला, दाताखाली फुटला, आणि मला चार महिन्यांत पहिल्यांदा जेवल्यासारखं वाटलं. मी दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा घेतली. बाबा बघत होत्या. शेवटी लेकीला म्हणाल्या, "माझी आई एवढं खायची नाही."

आणि माझी दुसरी चूक. जेवणं झाल्यावर मी सवयीनं उठून ताटं गोळा करायला लागले. बाबांनी हातावर चापट मारली. त्या रात्री मेज आवरायचं नसतं, कुत्या आणि चमचे रात्रभर तसेच ठेवायचे. आपल्याकडे खरकटं ठेवलं तर लक्ष्मी जाते, त्यांच्याकडे आवरलं तर पूर्वज उपाशी जातात. त्या रात्री तळघरात मला झोप येईना. माझ्या डोक्यावर उघडं खरकटं!

मग दरवर्षी तीन ठोके, आणि दरवर्षी मी वर. खसखस वाटायला माकित्रा म्हणून मातीचं खरबरीत पातेलं आणि लाकडी दांडा असायचा. दुसऱ्या वर्षापासून ते काम माझं. पाट्यावर हात बसलेला होता ना.

बाबांनी युक्रेन कधी पाहिलाच नाही. 1 डिसेंबर 1991 ला तिथल्या लोकांनी मतदान करून स्वातंत्र्यावर शिक्का मारला, नव्वद टक्क्यांहून जास्त मतं. दुसऱ्याच दिवशी कॅनडानं मान्यता दिली, पाश्चात्त्य देशांत सर्वांत आधी. बाबा टीव्हीपुढे गप्प बसून होत्या. महिन्याभरानं सहा जानेवारीला, बारा पदार्थ, एक ताट जास्तीचं, आणि बाबा त्या जास्तीच्या ताटाकडे वळून युक्रेनीत बराच वेळ काही सांगत होत्या. मी लेकीला हळूच विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, "आईला सांगतेय, की आता कागदावर ऑस्ट्रिया लिहायचं कारण नाही."

1994 च्या मार्चमध्ये त्या गेल्या. चर्चमध्ये पुन्हा तेच, शिजवलेले गहू आणि मध, आणि सगळ्यांनी तीनदा म्हटलेलं 'वीच्नाया पाम्यात', म्हणजे स्मृती चिरंतन राहो. तीन शब्दसुद्धा नाहीत, पण उभं राहून, पूर्ण गळ्यानं म्हणतात. हे आपल्याकडचं, बसमध्ये बसल्या बसल्या अंगठ्यानं पुढे ढकललेलं 'भावपूर्ण श्रद्धांजली' नव्हे. माझा त्यावर राग आहे, तो तुम्हाला माहीत आहे.

गेल्या आठवड्यात बाबांच्या लेकीचा फोन आला. तीही आता आजी आहे, तिचीही नातवंडं तिला बाबा म्हणतात. ते घर विकायचं ठरलं, म्हणून रंगारी बोलावला होता. तो जेवणाच्या खोलीत शिडीवर चढला आणि वरून त्यानं विचारलं, "बाई, इथे रंगाखाली दाणे दाणे कसले लागतायत? खरवडून काढू का?"

मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

ती म्हणाली, "त्यावरूनच मार म्हटलं."